पडद्याचा फोटो

राहुरी,
रविवार

प्रिय मधु,

तुझे सगळे मेसेज पोचले. आधीचे लाडाचे, मधले रागाचे आणि काल तर नुसतंच एक प्रश्नचिन्ह. तुझ्या साखरपुड्यातून न जेवता, न सांगता, शेवटच्या फोटोलाही न थांबता मी निघून आले आणि आठवडा झाला तरी तुझा फोन उचलत नाही, म्हणजे मला काहीतरी लागलं असणार असं तू धरून चालली आहेस. पाहुण्यांपैकी कुणी काही बोललं का, असंही विचारलंस. कुणी काही बोललं नाही गं. तुझ्या सासूबाईंनी तर मला शेजारी बसवून घेतलं, कॉलेजची चौकशी केली. जे लागलं ते माझं मलाच. फोनवर सांगायला गेले असते तर तू हसून विषय उडवला असतास. ते तुला फार छान जमतं, आणि तू हसलीस की मीही हसते. म्हणून कागद घेऊन बसले आहे, उद्या सकाळी नगरला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवीन. आता मध्ये बोलता येणार नाही तुला. शेवटपर्यंत वाच.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी तुझ्यावर जळते. लाडात म्हणतात तसं नाही, खरंच जळते, आणि आजकालची नाही, पहिल्या दिवसापासून जळते. आपण सहावीत होतो, एकाच उन्हाळ्यात नगरच्या एकाच दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर येऊन पडलो. पोरगी वाळत चालली, तहान भागत नाही, म्हणून आमच्या दादांनी घरून निघताना उसाच्या रसाची बाटली भरून आणली होती. आमच्याकडे अशक्तपणावर तेच औषध. सिस्टरांनी ती बाटली दादांच्या हातातून काढून घेतली तेव्हा तू सलाईन लावलेला हात तोंडावर धरून हसत होतीस. तुझं नाव मधुवंती आहे हे कळल्यावर त्याच सिस्टर म्हणाल्या होत्या की नावातच मधु, मग मधुमेह पत्ता विचारत येणारच. मला असं कुणी म्हटलं असतं तर मी आठवडाभर रडले असते. तू तो विनोद पुढे वर्षभर स्वतःच सगळ्यांना सांगत फिरलीस.

तेव्हापासून हेच चाललं आहे. माझ्या भाकरीचं माप ठरलेलं, भाताची वाटी वेगळी, लग्नाला गेले तरी आईची नजर माझ्या ताटावर. तू मात्र पंधरा ऑगस्टला शाळेतली जिलबी खायचीस, मनाला येईल तेवढं इन्सुलिन वाढवून टोचायचीस आणि खेळायला पळायचीस. आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आली की तुझी माझ्याहून चांगली. डॉक्टर माझ्यासमोर तुझा कागद धरून म्हणायचे, बघ मधुवंतीचं कसं आहे. मी बघायचे. माझ्या नाकाला किती मिरच्या झोंबायच्या ते त्यांना कधी कळलं नाही, तुलाही नाही, कारण बाहेर आल्यावर तू माझ्या गळ्यात हात टाकायचीस आणि म्हणायचीस, चल, ऊन फार आहे, ताक पिऊ. मी तुझ्याबरोबर ताक प्यायचे आणि मनातल्या मनात तुला शिव्या द्यायचे.

दहावीच्या सुट्टीत डॉक्टर म्हणाले की आजाराला आता बरीच वर्षं झाली, दोघींच्या डोळ्यांचे पडदे दरवर्षी तपासायला हवेत. आठवतं ना? डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या बाईंनी आपल्या डोळ्यांत थेंब टाकले, पुन्हा टाकले, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन मशिनला हनुवटी टेकवायला लावली आणि उजेडाचा असा लखलखाट केला की मला बराच वेळ सगळं जांभळं दिसत होतं. बाहेर आलो तर तारकपूरच्या स्टँडवर एकीलाही बसची पाटी वाचता येईना. तू लोकांना विचारत विचारत मला आमच्या गावच्या बसमध्ये बसवलंस आणि वर म्हणालीस की आपण दोघी मिळून एक आंधळी म्हातारी झालो. दोघींचे फोटो स्वच्छ आले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आणि तुझा निकाल सारखा लागला होता, मला केवढा आनंद झाला होता.

पुढच्या वर्षी परीक्षांमुळे आपण वेगवेगळं जायचं ठरवलं, मग मी इथे शेतकी कॉलेजला आले आणि वेगवेगळं जाणंच अंगवळणी पडलं. दर पावसाळ्यात तुझा फोन यायचा, माझे डोळे एकदम क्लिअर, तुझे? मीही म्हणायचे, माझेही. गेल्या वर्षी मात्र तसं म्हणता आलं नाही. माझ्या पडद्यावर कडेला थोडे लाल ठिपके निघाले. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, घाबरू नको, साखर आणि रक्तदाब सांभाळ, सहा महिन्यांनी परत ये. तुला मी ठिपक्यांचं सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, अगं, जातील, माझं बघ, मी काहीसुद्धा पाळत नाही आणि माझे चकाचक. तू धीर द्यायला म्हणालीस हे मला कळलं होतं. तरी मी फोन ठेवला आणि हॉस्टेलच्या खोलीतल्या मुलीवर उगाच खेकसले. माप मी मोजायचं आणि पडदा तुझा स्वच्छ राहायचा, हे कुठल्या हिशेबात बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. माझ्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही. गेल्या महिन्यात मी पुन्हा फोटो काढला. भिंतीवरच्या बोर्डावरची सगळ्यात खालची बारीक ओळ मी न अडखळता वाचली, दुखणं नाही, खुपणं नाही, धूसर दिसणं नाही. मी अगदी निश्चिंत होते. मॅडमनी उजव्या डोळ्याचा फोटो बराच वेळ पाहिला. मग मला स्क्रीनवर दाखवलं, पडद्यावर नको तिथे बारीक नवीन रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, फार नाजूक असतात, कधीही रक्त सांडू शकतं आणि मग नजर जाऊ शकते. लेझर करावं लागेल. मी म्हणाले, पण मला तर सगळं दिसतंय. त्या म्हणाल्या, "दिसतंय म्हणूनच आत्ता करायचं. दिसेनासं झाल्यावर आलीस तर माझ्या हातात फार थोडं उरेल." मी विचारलं, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, थोडं साखरेचं, थोडं आजाराच्या वर्षांचं, थोडं कुणाच्याच हातात नसतं. मधु, तिथे त्या खुर्चीत बसून मी माझ्या डोळ्यांचा विचार करायला हवा होता. मी तुझ्या जिलबीचा विचार करत होते.

घरी सांगितलं तेव्हा दादा गोठ्याकडे निघून गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आई चुलीपुढून उठली, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "शुगरचंच लई झालंय लोकान्ला. ह्ये डोळ्याचं कुनाला सांगू नको." तिचंही बरोबर आहे. दोन स्थळं शुगर ऐकूनच परत गेली, तुला माहीतच आहे. तिसरं आलं तेव्हा मामा म्हणाला, आधी सांगायचंच कशाला, आणि मी म्हणाले सांगायचं, आणि त्यांचा पुन्हा निरोप आला नाही. तेव्हा तू म्हणाली होतीस, गेले उडत. तू म्हणू शकतेस. तुला शौनक भेटला.

अशी मी तुझ्या साखरपुड्याला आले. त्या शब्दावरून आपण आठवीत किती हसलो होतो, आपल्या लग्नात साखरेऐवजी शेंगदाण्याचे पुडे वाटायचे म्हणून. सावेडीच्या तुमच्या गच्चीवर मांडव, विष्णुपंतकाका लेकीच्या साखरपुड्यासाठी घेतलेल्या नव्या झब्ब्यात इकडून तिकडे धावतायत, आणि तू त्या मोरपंखी साडीत. काजळ घातलं होतंस. सासूबाईंनी पेढा पुढे केला आणि मी श्वास धरून बसले, आता ही काय करते? तू सरळ पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलंस, पदर जरा बाजूला केलास आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर कमरेला टोचून घेतलंस. आणि शौनकने तुझ्या हातातलं टोपण घेऊन धरून ठेवलं. पेढ्यांचं ताट पुढच्या रांगेकडे गेलं. तो पलीकडे आपल्या मित्राशी बोलतच होता, टोपण त्याच्या हातात होतं आणि तुझं झाल्यावर त्याने न बघता पुढे केलं.

मधु, माझी आई लग्नकार्यात मला संडासात पाठवते टोचायला. दार नीट लाव म्हणून बाहेर उभी राहते. त्या टोपणाने माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मला तिथे बसवेना. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, हिला सगळंच कसं मिळतं. सरासरी हिची चांगली, नवरा हिला असा, घरात हिला लपवावं लागत नाही, आणि त्या काजळाच्या मागे पडदासुद्धा हिचाच स्वच्छ. निदान डोळे तरी. निदान तेवढं तरी देवाने सारखं वाटायला हवं होतं. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास तेव्हा मी हसले, ते साफ खोटं होतं.

मग काकूंनी तुला आत स्वयंपाकघरात नेलं आणि मीठमोहरी ओवाळून तुझी दृष्ट काढली. मी दाराशी उभी होते. तव्यावर मोहरी तडतडली तशा काकू म्हणाल्या, केवढी लागली होती बघ, कुणाकुणाची असेल कोण जाणे. मला पकडल्यासारखं झालं. मनात म्हटलं, काकू, सगळी माझीच आहे, पण घाबरू नका, आता दीडच डोळ्याची आहे. तू फोटोसाठी पळालीस. आत आम्ही दोघीच राहिलो आणि मी विचारलं, काकू, मधुचे डोळे यंदा कुठे दाखवले? का विचारलं सांगू? दुखऱ्या दाढेवरून जीभ फिरवत राहावं तसं, मला पुन्हा एकदा ऐकायचं होतं की तुझे चकाचक आहेत.

काकू ताटं पुसता पुसता म्हणाल्या, "अगं, ते थेंबांचं आम्ही केव्हाच बंद केलं. तिला सोसत नाही ते, दिवसभर उजेडाकडे बघवत नाही. दरवर्षी चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासून घेते ती. नंबर नाही म्हणतात. एकदम क्लिअर."

मला आधी वाटलं माझं ऐकण्यात काहीतरी चुकलं. मग लक्षात आलं. इतकी वर्षं तू मला फोनवर जे क्लिअर सांगत होतीस तो चष्म्याचा नंबर होता. दहावीनंतर तुझ्या पडद्याचा फोटो कुणी काढलेलाच नाही. आणि मधु, हेही लिहिणार आहे. पहिल्यांदा मला आनंद झाला. पोटातून वर आला आनंद. म्हणजे हिचं स्वच्छ काही नव्हतंच, मी उगाचच इतकी वर्षं जळले, बरं झालं. क्षणभरच होता तो, पण होता, आणि चांगला गोड होता. मग खिडकीतून मी तुला पाहिलं. तू शौनकच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत होतीस, फ्लॅश पडत होता आणि तू डोळे मिटत नव्हतीस. त्या डोळ्यांत काय आहे ते त्या गच्चीवर कुणालाच माहीत नव्हतं. तुलाही नाही. काकूंना तिथे, पाहुण्यांच्या बायकांच्या येण्याजाण्यात, मी काय सांगणार होते? मी चपला घातल्या आणि प्रेमदान चौकापर्यंत चालत गेले, मग रिक्षा मिळाली. यामुळे मी जेवले नाही. यामुळे फोन उचलला नाही.

तू खोटं बोललीस असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे डोळे तपासले म्हणजे नंबर काढला, एवढंच सगळे समजतात. शुगरच्या डॉक्टरांनी डोळ्यांचं विचारल्यावर तू "दाखवले, नॉर्मल आहेत" म्हणत असशील आणि तेही पुढचं पान उलटत असतील. पण बोर्डावरची ओळ मीही वाचली होती, मधु. नंबर मलाही नाही. पडद्यावर काय चाललं आहे ते थेंब टाकून, बाहुली मोठी करून, आत बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही, ज्याचा डोळा आहे त्यालासुद्धा नाही. आणि तू हे अगदीच विसरली असशील असंही मला वाटत नाही. आठवडाभर मी तो दहावीच्या सुट्टीतला दिवस आठवते आहे. अंधाऱ्या खोलीत तू माझा हात धरला होतास, तुझ्या नखांचे वळ संध्याकाळपर्यंत माझ्या मनगटावर होते. बाहेर बाकावर आपल्याहून थोडी मोठी एक मुलगी काळा चष्मा लावून आईला धरून बसली होती. रिक्षात तू मला दोनदा विचारलंस, ती कॉलेजला जात असेल का गं? आणि मग ते आंधळ्या म्हातारीचं बोललीस. मी त्यावर पोट धरून हसले होते. तू घाबरली होतीस. तू कशालाच घाबरत नाहीस हे मी इतकं पक्कं धरून बसले होते की माझी सगळी जळफळ त्याच्यावरच उभी होती.

तर मी हे का लिहिलं ते सांगते. येत्या बुधवारी सकाळी नगरला माझं लेझर आहे. आईला मी येऊ नको म्हणाले आहे, मला सोबत तू हवी आहेस. आणि माझं लेझर होण्याआधी तू थेंब टाकून घ्यायचेस आणि फोटो काढायचास. मी मॅडमना विचारून ठेवलंय, त्या म्हणाल्या जरूर आण, आणि लग्न ठरलं आहे म्हटल्यावर म्हणाल्या की मूल होऊ देण्याआधी तर पडदा बघितलाच पाहिजे, दिवस राहिल्यावर तो झपाट्याने बिघडू शकतो. म्हणून लग्नानंतर बघू असं म्हणायचं नाही. हसायचं नाही, विषय बदलायचा नाही. मंगळवारपर्यंत तुझा होकार आला नाही तर मी स्वतः येऊन काकूंना आणि शौनकला सगळं सांगेन, मग माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल. घाबरून ये, रडत ये, माझा हात पुन्हा सोलून काढ, पण ये. बिघडलेलं निघालं तर त्याच दवाखान्यात तुझंही बघतील, मी तुझ्या शेजारी असेन, आणि मग मला तुझ्यावर जळायला काहीच उरणार नाही. ते मला नको आहे गं. फोटो स्वच्छ निघाला तर मी तिथल्या तिथे इतकी चिडेन की परतीच्या वाटेवर तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. आठवडाभर देवाकडे मी तेवढंच मागते आहे.

तुझीच, अजून रुसलेली,
राजनंदिनी